वज्रलेप, लाख आणि थिनर

मागच्या हिवाळ्यात महाविद्यालयाची सहल घेऊन मुंबईस गेलो होतो. बुलढाण्याच्या मुलांना लोणारचे खारे पाणी ठाऊक असते, समुद्राचे नसते. त्यामुळे गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणारी बोट हाच साऱ्या सहलीचा कळस होता. माझ्या वाट्याला खिडकीची जागा आली. पण त्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. तावदानाच्या मधोमध वहीच्या पानाएवढा एक धुरकट चौकोन होता. कडेला पिवळसर, चिकट, धूळ धरलेली रेघ. आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक भेगा. हात फिरवून पाहिला तर पृष्ठभाग गुळगुळीत. भेगा वर नव्हत्याच, आत होत्या.

बोटीवरचा एक वयस्कर खलाशी माझा उद्योग पाहत होता. तो म्हणाला, ‘‘जाहिरातीचं स्टिकर होतं तिथं, सर. कागद निघाला, गोंद राहिला. मग पोरांनी रंगातला थिनर आणून पुसलं. गोंद गेला, पण काच आंधळी झाली.’’

काच आंधळी झाली! मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे असा शब्द कानावर पडला की मी बाकीचे सारे विसरतो. समुद्र मुलांनी पाहिला. मी मांडवा येईपर्यंत तो चौकोनच पाहत होतो.

वस्तुतः ती काच नव्हे. बोटींच्या खिडक्यांना पुष्कळदा ॲक्रिलिकचे तावदान असते, कारण ते हलके असते, लाटेच्या दणक्याने काचेसारखे चुरा होत नाही आणि हव्या त्या वळणात बसवता येते. जर्मन रसायनज्ञ ओटो र्‍योम याने १९०१ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठात या कुळातील द्रव्यांवर प्रबंध लिहिला आणि त्याच्या कंपनीने १९३३ मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवले. इंग्लंडात याच पदार्थाला ‘पर्स्पेक्स’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छपरे त्याची होती. फुटलेल्या छपरांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले तरी डोळा त्यांना परके मानत नाही, हे हॅरल्ड रिडली या शस्त्रवैद्याने हेरले आणि १९४९ मध्ये त्याच पदार्थाचे भिंग मानवी डोळ्यात बसवले. आज गावोगावच्या शिबिरांत आपल्या आजीआजोबांच्या मोतीबिंदूनंतर जे भिंग बसते, त्याची वंशावळ अशी विमानाच्या तावदानापर्यंत जाते. डोळ्यास दृष्टी देणाऱ्या पदार्थासाठी खलाशाने ‘आंधळी’ हा शब्द वापरावा, हा योगायोग मला विलक्षण वाटला.

या पदार्थाचा एक स्वभावदोष आहे. स्क्रूने आवळलेले, वाकवून बसवलेले तावदान आतून ताणलेले असते. साबणाचे पाणी त्याला चालते. चिकट डागावर थोडे गोडेतेल किंवा रॉकेल लावून, ते मुरू देऊन, बोटाने गोंद वळत वळत काढला आणि मग मऊ कापडाने धुतले तरी त्याची तक्रार नसते. पण थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांसारखी तीव्र द्रव्ये पृष्ठभागात शिरतात आणि आत दबलेला ताण मोकळा करतात. मग त्या जाळीदार भेगा पडतात. त्या पुन्हा बुजत नाहीत. म्हणजे प्रश्न गोंदाला काय विरघळवते एवढाच नसतो. गोंद विरघळताना त्याच्या खालच्याचे काय होते, हा असतो. फणसाचा चीक हाताला लागला तर कोकणातली गृहिणी पाण्याकडे न जाता तेलाकडे जाते. हे ज्ञान जुनेच आहे, पण घाईत ते आठवत नाही.

असो. मराठीच्या प्राध्यापकाने बोटीच्या खिडकीवर इतके लिहिण्याचे कारण वेगळे आहे. त्यानंतर महिन्याभरात त्याच मुलांना घेऊन मी अजिंठ्यास गेलो आणि दहाव्या लेण्यात विजेरीच्या उजेडात एका खांबाकडे पाहताना तो धुरकट चौकोन मला पुन्हा दिसला.

अजिंठा आमच्या जिल्ह्यात नाही, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पण बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे ती अजिंठ्याचीच रांग. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि अजिंठा निजामाकडे राहिला, म्हणून मधे एक सरहद्द आली इतकेच. त्याआधी दीड हजार वर्षे तशी सरहद्द नव्हती. पाचव्या शतकात ज्या वाकाटकांच्या काळी ही लेणी रंगली, त्यांची एक शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशिमला नांदत होती. सोळावे लेणे कोरवणारा वराहदेव हा त्याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री. तेव्हा अजिंठ्याबद्दल बोलताना आम्ही बुलढाणेकर थोडे घरचे समजून बोलतो, हे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अजिंठ्याच्या चित्रांना आपण सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतो. ते बरोबर नाही. फ्रेस्कोमध्ये ओल्या चुन्यावर रंग देतात. चुना वाळताना रंग त्यात कायमचा बांधला जातो. अजिंठ्यात दगडावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मळलेले आहेत, त्यावर पांढरा पातळ थर आणि त्या कोरड्या थरावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, क्वचित दूर देशाहून आलेला निळा राजावर्त, असे रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून दिलेले आहेत. म्हणजे या चित्रांचा श्वास डिंकात आहे. पाणी लावले की डिंक सुटणार, डिंक सुटला की रंग गेला. धूळ पुसण्यासाठी ओला फडका हा आपल्या घरातला पहिला उपाय. इथे तोच पहिला अपराध ठरतो.

१८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला आणि ही लेणी बाहेरच्या जगाला पुन्हा ठाऊक झाली. मग चित्रांच्या नकला काढण्याचे युग सुरू झाले. रॉबर्ट गिल १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे इथे राबला. (ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे गिल आणि पारू मराठी वाचकाला माहीत आहेत; गिलच्या कुंचल्याची मात्र आपल्याला फारशी ओळख नाही.) त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे येत राहिले. त्यांच्या कित्येक नकला १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जपानी कलावंतांनी कागदावर घेतलेले ठसे टोकियोत १९२३ च्या भूकंपात नष्ट झाले. नकला तीन देशांत फिरल्या आणि जळाल्या. मूळ चित्रे भिंतीवरच राहिली, पण तीही जशीच्या तशी राहिली नाहीत. कारण ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चित्र नीट दिसावे, नक्कल करणे सोपे जावे, म्हणून पुष्कळ ठिकाणी भिंतीवरच वार्निश फासले होते. ओला थर दिल्याने मंद रंग क्षणभर उजळतात. हे कुणीही नदीतला गोटा ओला करून पाहावे. त्या क्षणभराच्या उजेडासाठी भिंतीने पुढची सव्वाशे वर्षे किंमत मोजली.

त्याहून मोठा प्रसंग पुढे आला आणि तो पूर्णपणे सद्हेतूचा होता. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९२० मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावले. याझदानी हे सामान्य अधिकारी नव्हते. अजिंठ्यावरचे चार खंडांचे काम त्यांनी १९३० ते १९५५ या काळात पुरे केले. लेण्यांची देखभाल, रस्ता, पायऱ्या, सारे त्यांच्या आस्थेने झाले. इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा पुन्हा भिंतीला चिकटवला, पापुद्रे बसवले, आणि रंग जागीच राहावेत म्हणून त्यांवर लाखेचा थर दिला. त्या काळच्या कलादालनांत ही मान्य पद्धत होती. त्यांना दोष देणारे आपण आज मोठ्या सोयीच्या जागी बसलो आहोत. त्यांनी त्या दोन वर्षांत गिलावा धरून ठेवला नसता तर आपल्याला वाद घालायला भिंतीवर काही उरले असते की नाही, कोण जाणे. त्या कामाने लेण्यांना निदान दोन शतकांचे आयुष्य लाभले, असा निर्वाळाही तेव्हा देण्यात आला.

लाख आपल्याला परकी नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचा एक इवलासा कीटक ती स्रवतो. बांगड्यांत ती आहे, टपालाच्या मोहरेत होती, लाक्षागृहात तर ती कथानकच होती. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, ती हीच. ताजी लाख सोनेरी, पारदर्शक, आज्ञाधारक असते. स्पिरिट लावले की विरघळते. पण वर्षे लोटली की तिचा रंग तपकिरी होतो, ती कडक होते, आणि जिच्यात ती एकेकाळी सहज विरघळत असे त्या स्पिरिटलाही दाद देत नाही. कडक होताना आकसते आणि आकसताना खालचा रंगाचा पापुद्रा कडेने उचलून धरते. शिवाय तिच्यावर दिव्यांची काजळी, वटवाघळांची घाण, प्रेक्षकांच्या श्वासातला दमटपणा बसत जातो. ज्या चेहऱ्यांना वाचवण्यासाठी ती लावली, तेच चेहरे तिच्यामागे हळूहळू मावळत गेले. कित्येक पिढ्यांनी अजिंठ्याचा जो ‘सोनेरी उदास’ रंग कवितेत आणि लेखांत गायिला, त्यात काही भाग लाखेचा होता, हे आता कबूल करायला हवे. निदान मी करतो; माझ्या एका जुन्या निबंधात तो शब्दप्रयोग आहे.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यानंतर काही वर्षांत लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात गेली. त्यांच्या रसायनज्ञांनी काढणे आणि लावणे, दोन्ही सुरू ठेवले. जुनी लाख काही ठिकाणी उतरवली आणि संरक्षक थर म्हणून पॉलिव्हिनाइल ॲसिटेट दिले. घरोघरच्या फेविकॉलमध्ये जो मुख्य चिकट पदार्थ असतो, त्याचेच हे सोज्वळ भावंड. तेही त्या काळी जगभर नवे, स्वच्छ, निरुपद्रवी मानले जात होते. प्रत्येक पिढीचा गोंद तिला पारदर्शकच दिसतो.

इथे मला राहून राहून वराहमिहिर आठवतो. सहाव्या शतकातल्या या ज्योतिषाच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, वेखंड असे काय काय घेऊन पाण्यात उकळावे, अष्टमांश उरला की उतरवावे, मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल यांचा कल्क मिसळावा आणि तो लेप तापवून मंदिर, वाडा, मूर्ती, भिंत, विहीर यांना द्यावा. कवठ, बिब्बा, जवस, बेल... ही यादी वाचताना मेहकर-लोणारकडचा एखादा बांध डोळ्यांपुढे येतो. हा लेप किती टिकतो? वराहमिहिर सांगतो, एक कोटी वर्षे. इटालियन लाखेला दोन शतके दिली गेली, ती त्या मानाने फारच विनयाची म्हणायची! मराठीत ‘वज्रलेप’ हा शब्द न पुसल्या जाणाऱ्या पापासाठीही वापरतात. टिकाऊपणाची स्तुती आणि न निघण्याची भीती हे एकाच शब्दात का नांदावे, याचे उत्तर कोशात नाही; पण संवर्धकांच्या टेबलावर असावे असे वाटते.

कारण जे अजिंठ्यात घडले तेच देवळांतही घडत आले आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला १९५५ मध्ये वज्रलेप झाला आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याला तिचे रासायनिक संवर्धन करावे लागले. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड कवच २०२२ मध्ये उतरवले, तेव्हा भाविकांना जे रूप दिसले ते त्यांनी किंवा त्यांच्या आजोबांनी कधी पाहिलेले नव्हते. तिथे प्रश्न आणखी अवघड होतो. शेंदूर हा रसायनज्ञाच्या दृष्टीने थर आहे. भक्ताच्या दृष्टीने तोच देव आहे. खेडोपाडीचा मारुती शेंदरावाचून मारुती वाटेल काय? मला तरी वाटणार नाही. वरचे ते परके आणि खालचे ते मूळ, हा हिशेब बोटीच्या खिडकीला लागू पडतो, चित्राला बहुतांशी लागू पडतो, देवाला लागू पडेलच असे नाही.

अजिंठ्यातल्या नव्या सफाईची हकिकत मात्र थोडी उमेद देणारी आहे. १९९९ नंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेने नवव्या आणि दहाव्या लेण्यांतल्या काळवंडलेल्या भिंती हाती घेतल्या. ही सर्वांत जुनी लेणी. त्यांतली मूळ चित्रे ख्रिस्तपूर्व काळातली, म्हणजे सातवाहनांच्या सुमाराची. ती जवळजवळ गेलीच असे धरून बहुतेक अभ्यासक पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यांकडे वळत. अवरक्त प्रकाशाने काळ्या थरामागे काय आहे हे आधी पाहिले गेले. मग सौम्य द्रावणांनी, सूक्ष्म थेंबांच्या मिश्रणांनी, लाख आणि काजळी इंचाइंचाने मऊ करून कापसाने टिपली. यात वर्षे गेली. पण काळ्या भिंतीतून माणसे बाहेर आली: पागोटी, दागिने, हत्ती, वळून पाहणारे डोळे. भारतीय चित्रकलेच्या इतिहासाचे पहिले पान जिथे कोरे समजत होतो, तिथे अक्षरे निघाली.

यात सगळ्यात बिकट गोष्ट कोणती, ती मला फार उशिरा कळली. लाख काढणे कठीण आहे हे खरे. पण जिथे मूळ डिंक मेला आहे, तिथे रंगाचा पापुद्रा आता केवळ त्या लाखेनेच धरून ठेवला आहे. तिला पूर्ण काढले तर चित्र मोकळे होईल आणि त्याच क्षणी खाली पडेल. म्हणून काढता काढता पुन्हा चिकटवावे लागते. अपराधी तोच आणि पालकही तोच, अशी ही स्थिती. आधीच्या सफाईत काही ठिकाणी रंग गेला, असा आक्षेप वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या आयुष्यभर अजिंठ्यात वावरलेल्या अभ्यासकानेही घेतला होता. तो खोडून काढण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नाही, आणि सफाई करणाऱ्यांच्या हाताला नावे ठेवण्याचा अधिकारही नाही.

मग पुन्हा चिकटवायचे कशाने? जगभरच्या संग्रहालयांत आज यासाठी जे द्रव्य फार वापरले जाते, त्याचे नाव पॅरालॉइड बी-७२. ते ॲक्रिलिक आहे! बोटीच्या तावदानाचे सख्खे गोत्र. त्याची थोरवी अशी सांगतात की ते पिवळे पडत नाही आणि पुढे केव्हा काढावेसे वाटले तर ॲसिटोनमध्ये विरघळते. खिडकीला जे द्रव्य आंधळे करते, तेच या गोंदाच्या बाबतीत सुटकेचा दरवाजा आहे. कोटी वर्षांच्या वज्रलेपापासून निघालेली परंपरा ‘उद्या काढता येईल’ या अटीपाशी आली, हे मला गेल्या शतकातले एक मोठे वैचारिक स्थित्यंतर वाटते. आपल्याकडे त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

हे सारे मी दहाव्या लेण्यात मुलांना सांगत होतो, बहुधा नेहमीप्रमाणे जास्तच लांबवून. चौकीदाराने विजेरी वर नेली. खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या अंगावर, आपल्या डोक्यापेक्षा बरेच वर, जॉन स्मिथने खरवडलेले त्याचे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख दिसते. तो आला तेव्हा लेण्यात पुरुषभर राडारोडा साचला होता, त्यावर उभा राहून त्याने ते लिहिले. राडारोडा काढला आणि नाव उंच राहिले.

चिखलीकडची एक मुलगी, जी बोटीत माझ्याच बाकावर होती, बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, एवढी लाख काढली, काजळी काढली, मग हे नाव काऊन नाही काढलं?’’

मी म्हणालो की ते चिकटवलेले नाही, खरवडलेले आहे. पुसता येणार नाही, फक्त बुजवता येईल. तिचे समाधान झाले नाही. ‘‘पण बुजवता आलं असतं तर बुजवलं असतं का?’’ तिने विचारले. मागून दुसऱ्या सहलीची मुले आत येत होती, चौकीदार आम्हाला पुढे सरकायला सांगत होता. बाहेर उन्हात आल्यावर पायऱ्या उतरताना तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि बुलढाण्याची गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघे त्यावर भांडत होतो.